बँड आज बंद आहे

हॅमकाका सकाळी उठले की आधी सूर्याचे आकडे बघतात, मग सूर्य. आकडे मोबाईलवर येतात. पहिला सोलर फ्लक्स. तो चढा असला की सूर्यावर डाग भरपूर, आपल्या डोक्यावरचं आयनांबर जोरात, आणि काकांच्या रेडिओची लहर त्यावरून परतून सातासमुद्रापलीकडे उतरणार. दुसरा के-इंडेक्स, शून्य ते नऊ. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती बिथरलंय त्याचं ते माप. पहिला वर हवा, दुसरा खाली. मी काकांच्या तावडीत सापडलो तो २०१९ चा सुमार. सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या अगदी तळाशी लोळत होता. पहिला आकडा खाली जाऊन बसला होता आणि दुसरा अधूनमधून उगाच उडी मारायचा.

स्वयंपाकघरातून काकू विचारायच्या, "किती?"

"फ्लक्स अडुसष्ट. के पाच."

"म्हणजे वादळ."

"वादळच."

"मग पोळ्या तीन देऊ का चार?"

वादळ आहे म्हटल्यावर माणूस घरी बसेल, असं काकूंनाही लग्नानंतरची एकदोन वर्षंच वाटलं असणार. काकांचा हिशेब साधा आहे. बँड चांगला असताना कोणीही बोलतो. बँड मेलेला असताना जो टेकडीवर जाऊन तार ताणतो, तो खरा.

हॅमकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं. काका एका सरकारी बँकेतून निवृत्त झाले, पण ती नोकरी त्यांनी वरकड म्हणून केली असावी. मूळ धंदा हौशी रेडिओचा; तो करणाऱ्याला हॅम म्हणतात. केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याची परीक्षा त्यांनी ऐंशीच्या दशकात मोर्स कोडसकट दिली आणि व्हीयू-टूने सुरू होणारी कॉल-साइन मिळवली. परवान्याची झेरॉक्स आजही पाकिटात असते, काकूंच्या फोटोच्या पुढे. त्या काळात राजीव गांधींचाही परवाना होता, व्हीयू-टू-आर-जी. काकांनी त्यांना एकदा हवेवर ऐकलं, अशी घरात मान्यता आहे. खोलात शिरलं की कळतं, 'व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ' इतकं ऐकू आलं होतं आणि पुढचं अक्षर फेडिंगमध्ये गेलं होतं. पण काकांना त्या अक्षराबद्दल शंका नाही.

आता हे सगळं घरी बसून का करत नाहीत? तर घरी ऐकू येत नाही. प्रत्येक खोलीत एलईडी दिवे, शेजारी इन्व्हर्टर, खाली लिफ्टची मोटर, आणि भिंतीतल्या प्रत्येक सॉकेटला लटकलेला कुणाचा तरी चार्जर. ही सगळी मंडळी आपापली खरखर हवेत सोडत असतात. काकांनी रेडिओ लावला की सुई सरळ एस-नाईनवर जाऊन बसते आणि उरलेलं जग त्या खरखरीखाली गाडलं जातं. गच्चीवर नीट अँटेना उभारायचा अर्ज त्यांनी सोसायटीकडे रीतसर केला होता. कमिटीने तो 'किरणांमुळे आरोग्यास धोका' असं लिहून फेटाळला. त्याच गच्चीवर मोबाईल कंपनीचा टॉवर आहे. काकांनी सर्वसाधारण सभेत हा मुद्दा काढला, आणि मुद्दा बिनतोड होता. पण टॉवर भाडं देतो, काकांची तार देत नव्हती.

म्हणून वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे पुणे शहरातली सगळ्यात उंच जागा. उंचीचा शॉर्टवेव्हला तसा फारसा उपयोग नाही हे काका स्वतःच सांगतात. तिथे कुणाचा चार्जर नसतो, एवढंच महत्त्वाचं.

काकांच्या सॅकमध्ये डब्याएवढा पाच वॅटचा रेडिओ, लिथियमची बॅटरी, वीस मीटर तार, फेराइटच्या कडीवर स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, कोअ‍ॅक्स केबल, मोर्सची की, वही, टोक केलेल्या दोन पेन्सिली, शिशाचं वजन बांधलेली दोरी आणि चार पोळ्या एवढं असतं. मासेमारीचा घडीचा फायबरचा रॉड सॅकमध्ये मावत नाही. तो मी उचलतो. शेजारधर्म दुसरं काय असतो!

टेकडीवर वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाची झाडं मुबलक. काका त्यातलं एक निवडतात, दोन पावलं मागे सरतात, दोरीचं वजन गोल फिरवतात आणि सोडतात. पहिल्यांदा ते शेजारच्या झाडावर जातं. दुसऱ्यांदा बरोबर झाडावर, चुकीच्या फांदीवर. तिसऱ्यांदा जिथे जातं तिथून ते परत येत नाही, आणि आता अँटेना इथेच, असं ठरतं. मग तारेचं दुसरं टोक रॉडला, रॉड दगडांच्या बेचक्यात, आणि काका मांडी घालून खाली.

सकाळी फिरायला आलेला पुणेकर अशा वेळी न थांबता पुढे गेला तर तो पुणेकर नव्हे. तो थांबतो. प्रश्नही विचारतो, पण माहिती घ्यायला नव्हे, द्यायला. "इथे मासे नाहीत" हे सांगणारे रोजचे. "इथे ड्रोन उडवायला बंदी आहे" हे सांगणारे त्यांच्या मागोमाग. एक ट्रॅकसूटवाले गृहस्थ तारेखाली उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्याने काही होणार नाही." दुर्दैवाने ते बरोबर होते. काही जण काकांना हवामान खात्याचे समजून पाऊस कधी ते विचारतात. सुरुवातीला काका त्यांना आयनांबर आणि ढग यांतला फरक समजावत. ढग दहा-पंधरा किलोमीटरच्या आत संपतात, आमचा एफ-थर तीनशे किलोमीटरवर वगैरे. आता ते वर बघून "गुरुवारी" म्हणतात. दोनदा बरोबर आलं. सूर्याबद्दलचे त्यांचे अंदाज इतके कधी जमले नाहीत.

आणि मग सुरू होतं ते. "सीक्यू सीक्यू सीक्यू, धिस इज व्हिक्टर युनिफॉर्म टू..." म्हणजे, आहे का कोणी, कोणीही, कुठेही. बोलून झालं की काका मान तिरकी करून ऐकतात. उत्तर म्हणून एक अखंड सूं येते. काका पुन्हा बोलवतात. पुन्हा सूं. पंधरा-वीस मिनिटांनी ते माझ्याकडे वळून, ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरांसारखं सांगतात, "बँड बंद आहे."

याची कारणं त्यांच्याकडे तयार असतात आणि ती सगळी खरी असतात, हीच पंचाईत आहे. दिवसा खालचा डी-थर कमी फ्रिक्वेन्सीची लहर पिऊन टाकतो, म्हणून चाळीस मीटरचा बँड लांबवर जात नाही. वरच्या फ्रिक्वेन्सीला जावं तर सूर्य थंड असल्यामुळे एफ-थर विरळ, लहर त्यातून आरपार निघून जाते. "म्हणजे तुमचा आवाज वाया गेला," मी एकदा म्हणालो. काका दुखावले. "वाया कसा जाईल? अंतराळात गेला. कायमचा." त्या दिवशी डबा खाताना ते बरेच समाधानी दिसत होते.

कोणी बोलत नसेल तर काका बीकन ऐकतात. १४.१ मेगाहर्ट्झवर जगभरातली अठरा स्वयंचलित केंद्रं एकापाठोपाठ एक, प्रत्येकी दहा सेकंद, आपलं नाव पाठवतात. तीन मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी, की पुन्हा पहिल्यापासून. नावानंतर चार लांब रेघा. पहिली शंभर वॅटची, दुसरी दहाची, तिसरी एकची, चौथी वॅटच्या दहाव्या हिश्शाची. आपल्याला सगळ्यांत जवळ श्रीलंकेचा बीकन. शंभरची रेघ मलाही ऐकू येते. दहाची येते असं मी काकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणतो. एक वॅटच्या रेघेला काका डोळे मिटून "आहे" म्हणतात. चौथ्या रेघेच्या वेळी ते श्वास रोखतात, बोट वर करतात, आणि नंतर अतिशय प्रामाणिकपणे सांगतात, "वाटलं."

काकांचे एक मित्र नागपूरला असतात, तेही परवानाधारक. टेकडीवरची सगळ्यांत मोठी करमणूक म्हणजे या दोघांचं शेड्यूल. काका त्यांना मोबाईलवरून फोन लावतात.

"फ्रिक्वेन्सीवर आहेस ना?"

"आहे. बोल."

काका फोन मांडीवर ठेवून रेडिओत बोलतात. मग फोन उचलतात. "आलं?"

"नाही. थोडं वर सरक, इथे कोणीतरी आहे."

"सरकलो. आता?"

"नाही. तू बोललास का?"

"बोललो ना! पाठवलं की. फाईव्ह वॅट."

"नाही रे. तुझ्याकडे पक्षी ओरडतायत का? मोर?"

"हो, मोर आहे."

"तो येतोय. फोनवरून."

असं अर्धा तास चालतं. या अर्ध्या तासात दोघांनी एकमेकांच्या गुडघ्याची, सुनेची आणि पेन्शनच्या थकबाकीची चौकशी केलेली असते, तीही अगदी स्पष्ट आवाजात. पण ते वहीत लिहिलं जात नाही. वहीत लिहिलं जातं: नागपूर, संपर्क नाही. वीस मीटरच्या बँडवर नागपूर फार जवळ पडतं, लहर त्याच्या डोक्यावरून उडून पुढे जाते, हे त्या दोघांना माझ्याआधी चाळीस वर्षांपासून माहीत आहे. मी ते बोलून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "एखादे वेळी सापडतं." एका तरुण हॅमने त्यांना एफटी-एट सुचवलं होतं. त्यात संगणक दर पंधरा सेकंदांनी आपापसात ठरलेली अक्षरं पाठवतात आणि खरखरीच्या खाली बुडालेला सिग्नलही उपसून काढतात. काकांनी पाच मिनिटं ते पाहिलं. "ह्यांचं जमलंय, आपण कशाला मध्ये बसायचं," म्हणून उठून गेले.

एकदा पोलीस आले. झाडातली तार बघून कुणीतरी कळवलं असावं. दोन तरुण हवालदार होते, चढ चढून दमलेले.

"कोणाशी बोलताय?"

"सध्या कोणाशीच नाही."

"मग कोणाशी बोलायचंय?"

"कोणाशीही."

संशयिताच्या जबाबात नाव नसलं की पुढचा कागद भरता येत नाही. काकांनी फाईल काढली. परवाना, त्याचं नूतनीकरण, १९७८ च्या हौशी रेडिओ नियमांची प्रत, पिवळ्या पेनाने खुणा केलेली. धाकट्या हवालदाराने ती अदबीने परत दिली आणि विचारलं, "काका, मोबाईल नाही का तुमच्याकडे?"

"आहे."

"रेंज येत नाही?"

"फुल आहे."

"मग?"

काकांनी त्यांना बसवून घेतलं आणि डी-थरापासून सुरुवात केली. एफ-वन येईपर्यंत दोघं उठले होते. जाताना थोरला म्हणाला, "अंधार पडायच्या आत उतरा." सकाळचे साडेआठ झाले होते.

काकांची चेष्टा करणाऱ्यांना काकू परस्पर गप्प करतात, आणि त्यासाठी त्यांना २००४ पुरतं. त्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचा हॅम चमू पोर्ट ब्लेअरला रेडिओ घेऊन गेलेला होता, आणि त्सुनामीने अंदमानचे फोन बंद पाडल्यावर कोण जिवंत आहे, कोण सापडत नाही, हे मुख्य भूमीला त्या रेडिओवरून कळत गेलं. हे ऐकल्यावर माणूस वरमतो. अडचण अशी की काका तेव्हापासून सज्ज आहेत आणि आमच्या सोसायटीवर तसं काही येत नाही. एकदा रस्ता खणताना केबल तुटून सगळ्या इमारतींचं इंटरनेट गेलं, तेव्हा काका खांद्याला सेट लावून दारोदार फिरले. "काही निरोप पाठवायचाय?" बी विंगमधल्या एका बाईंनी सांगितलं, "केबलवाल्याला सांगा, महिन्याचे पैसे कापून घेईन." काकांनी तो निरोप नाकारला. हौशी बँडवर व्यवसायाचं बोलणं चालत नाही.

काकांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. काका "बरा आहेस ना, तिकडे के किती?" एवढं विचारून फोन काकूंकडे देतात आणि बाल्कनीत जातात. त्याच न्यू जर्सीच्या दिशेने तार वळवून त्यांनी पहाटेच्या थंडीत तास तास घालवलेत. तिकडची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते आणि चुंबकीय वादळात तीच आधी बंद होते, हे ते मला बजावतात. मला त्यांच्याबद्दल एक संशय आहे. बँकेत काउंटरच्या मागे तीस-पस्तीस वर्षं आणि घरात त्याहून जास्त, काका बोलत होते आणि समोरचा "हं" म्हणत होता. टेकडीवर तसं नाही. इथे कोणी ऐकलं नाही तर त्यामागे पंधरा कोटी किलोमीटरवरचं कारण असतं.

आणि उत्तर येतंच नाही असं नाही. एका हिवाळ्यात, ऊन चढायच्या आत, त्या सूंमधून एकदम आवाज वर आला. इंडोनेशियातलं स्टेशन. काकांची पाठ ताठ झाली. त्यांनी कॉल-साइन सांगितली, त्याने सांगितली. काका म्हणाले, "फाईव्ह नाईन." तो म्हणाला, "फाईव्ह नाईन." खरं तर तो इतका क्षीण होता की काकांनी हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला होता, पण ऐकू येत नसतानाही पूर्ण गुण द्यायचे ही त्या जगातली सभ्यता आहे. नाव, गाव, आणि आवाज बुडाला. मिनिटभराचं काम.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"फाईव्ह नाईन."

"आणखी?"

"सेव्हंटी थ्री. म्हणजे शुभेच्छा."

"मग तुम्ही?"

"मीही सेव्हंटी थ्री."

उतरताना ते जे बोलायला लागले ते पायथ्याशी रिक्षात बसेपर्यंत थांबले नाहीत. त्या माणसाला त्यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

अलिबागला त्यांची एक वेगळीच यात्रा असते. मंडळी किनाऱ्यावर जातात, काका चुंबकीय वेधशाळेच्या फाटकाशी. १८५९ च्या सप्टेंबरात पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ आदळलं, त्याची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी उपकरणं बिघडणार, म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं आणि तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. म्हणजे एका वेधशाळेने गाव सोडलं ते शेजाऱ्यांच्या विजेला कंटाळून. काकांना याहून जवळचं नातं कुणाशी वाटत असेल असं वाटत नाही. फाटकाबाहेर उभं राहण्यापूर्वी त्यांनी काकूंना केसातले आकडे काढायला लावले होते. "आत नोंद होईल."

काकांना मनापासून आनंदी मी पाहिलं ते ११ मे २०२४ ला. आदल्या रात्रीपासून के-इंडेक्स नऊवर. पट्टीच्या टोकाला. लडाखात हानले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाश लाल झालेलं टिपलं होतं. काका उजाडताच वर पोचले, तार टाकली, आणि एकेक बँड फिरवून बघू लागले. बीकन नाही, युरोप नाही. श्रीलंकेची शंभरची रेघसुद्धा नाही. चेहरा उजळत चालला होता. शेवटी त्यांनी हेडफोन काढला आणि हात पसरून म्हणाले, "आज पृथ्वीवर कोणीच कोणाला ऐकत नाहीये!" दोन दिवसांवर पुण्याचं मतदान होतं. खाली पौड रोडला प्रचाराच्या शेवटच्या दिवसाचे भोंगे एकमेकांवर चढले होते. मला वाक्य पटलं.

पण ते वादळ ओसरलं आणि काकांचे वाईट दिवस सुरू झाले. सूर्य चक्राच्या माथ्यावर आला होता. फ्लक्स दोनशेच्या वर. दहा मीटरचा बँड, जो वर्षानुवर्षं मेलेला, तो सकाळपासून भरून वाहायला लागला. काका वर गेले, तार टाकली, एकदा सीक्यू म्हणाले, आणि इटली आली. तिच्या मागे रशिया, जपान, आणखी कोण कोण, रांग लावून. डबा उघडायच्या आत वहीचं पान भरलं. अर्ध्या तासात काका सामान आवरून खाली निघाले. चेहरा असा की मी रॉड घेऊन मुकाट मागे.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? आज कोणीही कोणाशीही बोलत होतं."

आकडे बघणं त्यांनी काही दिवस सोडून दिलं. सूर्य परत झोपणार २०३० च्या आसपास, तोवर काय करायचं, हा प्रश्न होता. मग त्यांनीच तोड काढली. पॉवर कमी करायची. पाच वॅट म्हणजे चैन आहे. अर्धा वॅट केला तर फक्त दहा डेसिबल जातात, जेमतेम पावणेदोन एस-युनिट. चार ट्रान्झिस्टर आणि एक क्रिस्टल घेऊन त्यांनी नवा ट्रान्समीटर हिंगाच्या रिकाम्या डबीत बसवला. तापला की वास येतो. अर्ध्या वॅटला इटली आली त्या दिवशी त्यांनी पाव वॅटची तयारी सुरू केली.

सोल्डरिंगचा धूर, वर हिंगाचा वास, आणि जेवणाच्या टेबलावर सुट्या भागांचा पसारा. काकूंनी ताटं हातात धरून थोडा वेळ पाहिलं.

"त्यापेक्षा रेडिओ घरीच ठेवून जा की."

काकांनी सोल्डरिंग गन खाली ठेवली. सूचना त्यांनी नीट विचारात घेतली, हे दिसत होतं. त्यात अडचण एकच आहे म्हणाले. वहीत पॉवरच्या रकान्यात काय लिहायचं?